‘फटीग’ आणि ‘भागणें’

परक्या भाषेंतला शब्द आपल्या घरीं कां येतो, या प्रश्नाचें उत्तर बहुधा एकच दिलें जातें : आपल्याकडे तो नव्हता म्हणून. स्टेशन, तिकीट, बटण यांच्यापुरतें हें उत्तर ठीक आहे. त्या वस्तूच आगबोटींतून आल्या आणि येतांना आपलीं नांवें बरोबर घेऊन आल्या. परंतु थकवा ही कांहीं आगबोटींतून उतरलेली वस्तु नव्हे. ती या देशांत पहिल्यापासून आहे आणि तिच्यासाठीं मराठीनें शब्दांची चणचण कधींच भासूं दिली नाहीं. जिना चढून माणूस दमतो, प्रवासानें शिणतो, दिवसभर उन्हांत राबून भागतो, दुखण्यानें गळून जातो, कर्जानें मेटाकुटीस येतो आणि म्हातारपणीं दुसरें कांहींच कारण न देतां नुसता थकतो. एवढी बारीक वांटणी ज्या भाषेनें करून ठेविली आहे, तिच्या दारांत ‘फटीग’ हा इंग्रजी शब्द येऊन उभा राहावा, हें थोडें नवल आहे.

आमच्या पालघर-बोईसरच्या बाजूस हा शब्द अलीकडे बराच ऐकूं येतो. दवाखान्यांत येतो तो डॉक्टरांच्या तोंडून; कारखान्यांत येतो तो एंजिनियरांच्या तोंडून. आमच्या परिचयाचे एक तरुण गृहस्थ तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत धातूच्या वस्तूंची परीक्षा करण्याचें काम करतात. एकदां बोलतां बोलतां ते म्हणाले, “आमच्याकडे स्प्रिंगला फटीग येतो आणि माणसाला कंटाळा येतो, असा समज आहे.” बैठकींत हशा झाला. आम्हीही हंसलों, पण तें वाक्य कांहीं केल्या मनांतून जाईना. लोखंडाच्या थकव्यास एक गंभीर शास्त्रीय शब्द, आणि माणसाच्या थकव्यास दोषारोपाचा शब्द, ही वांटणी कोणी व केव्हां केली असेल, याचा शोध घ्यावासा वाटूं लागला. त्या शोधांत या पाहुण्याची जी कुळकथा हातीं आली, ती वाचकांपुढें ठेवण्याजोगी आहे.

‘फटीग’ मूळचा लॅटिन घराण्याचा. तेथें ‘फातिगारे’ हें क्रियापद होतें. त्याचा अर्थ दमविणें, बेजार करणें. फ्रेंच भाषेंतून तें सतराव्या शतकांत इंग्रजींत आलें आणि नाम होऊन बसलें. परंतु गंमत आहे ती लॅटिनमध्येंच. तेथील कोशकारांनीं या क्रियापदाचें नातें दोन शब्दांशीं जोडलें आहे. एक ‘फातिस्केरे’, म्हणजे भेग पडणें, उकलणें, तडकणें. आणि दुसरा ‘आफातिम’, म्हणजे पुरेसें, पोटभर. थकलेला मनुष्य हा त्या भाषेच्या दृष्टीनें एका अंगानें तडा गेलेला, तर दुसऱ्या अंगानें ‘आतां पुरे’ या टोंकाला पोंचलेला मनुष्य.

आतां आपल्या ‘भागणें’ या शब्दाकडे पाहावें. ‘मी अगदीं भागलों’ म्हणजे थकलों. हें ‘भागणें’ व्युत्पत्तिकार संस्कृतांतल्या ‘भग्न’ शब्दाकडे नेतात. म्हणजे येथेंही मुळाशीं मोडणें, तुटणेंच आहे. आणि ‘एवढ्यांत आमचें भागतें’ म्हणजे पुरतें! रोम कोठें आणि वैतरणेचें खोरें कोठें. परंतु दोन्ही ठिकाणच्या माणसांनीं थकव्याकडे पाहिलें तेव्हां त्यांना एकीकडे भेग दिसली आणि दुसरीकडे पुरेपणा दिसला. ‘भागणें’चे हे दोन अर्थ एकाच मुळाचे फांटे आहेत कीं दोन निराळीं रोपें एकाच वाफ्यांत वाढलीं, हा वाद व्याकरणकारांचा. मराठी माणसाच्या तोंडांत मात्र तीं एकत्र नांदतात, आणि संसार करणाऱ्यास त्यांतला संबंध कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. घरांत भागावें म्हणून मनुष्य बाहेर भागतो. आमच्या मुलांच्या गाण्यांत चंद्राची विचारपूस होते, तीही याच क्रियापदानें.

इंग्रजींत गेल्यावर ‘फटीग’नें पहिली नोकरी धरली ती पलटणींत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथें शिपायाच्या शस्त्राव्यतिरिक्त कामास, म्हणजे खंदक खणणें, सरपण तोडणें, छावणी झाडणें, ओझीं वाहणें यांस, ‘फटीग’ म्हणूं लागले. पुढें त्या कामाच्या वेळीं घालावयाच्या जाड्याभरड्या कपड्यांनाही तेंच नांव मिळालें. कामाचा परिणाम हेंच कामाचें नांव झालें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. लढाईला कोणी ‘थकवा’ म्हटलें नाहीं, कारण लढाईला कीर्ति असते. ज्या कामाच्या शेवटीं थकव्याखेरीज कांहींच हातीं लागत नाहीं, त्यालाच तें नांव मिळालें.

अशा कामास आपल्याकडे जुना शब्द आहे वेठ. संस्कृतांतली ‘विष्टि’ ती हीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही तिचा उल्लेख आहे. आमच्या या भागास वेठीचा अर्थ कोशांतून शिकावा लागत नाहीं. डहाणू व उंबरगांव तालुक्यांतले वारली जमीनदारांच्या शेतांवर फुकट राबत. आधीं मालकाचें शेत आवरायचें आणि मग उरल्या वेळांत व उरल्या बळांत आपलें. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठीस नकार दिला. त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनीं ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. लढ्याची मागणी पैशाची होती हें खरें. पण तिच्या पोटांत दुसरीही एक मागणी होती, कीं आमचा थकवा आमच्या मालकीचा असावा.

‘फटीग’ची दुसरी नोकरी लोखंडांतली, आणि तीच त्याला जगभर घेऊन गेली. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या एका आगगाडीच्या एंजिनाचा आंस धांवतां धांवतां तुटला. डबे एकमेकांवर चढले, त्यांना आग लागली, आणि डब्यांचे दरवाजे बाहेरून बंद केलेले असल्यामुळें पन्नासांहून अधिक उतारू आंत जळून मेले. दक्षिण ध्रुवाकडील समुद्र धुंडाळून सुखरूप परतलेले द्यूमाँ द्यूरव्हील हे नावाडी त्या दिवशीं आपल्या पत्नी व पुत्रासह या छोट्याशा प्रवासांत गेले. आंस तुटला कां? त्यावर कांहीं वाजवीपेक्षां जड ओझें एकाएकीं पडलें नव्हतें. रोजचेंच ओझें होतें. त्या काळच्या कित्येक विद्वानांचें मत असें कीं, हादऱ्यांनीं लोखंडाचा पोतच बदलतो व तें ठिसूळ होतें. परंतु रँकिन या तरुण स्कॉटिश एंजिनियरनें तुटलेले आंस तपासून १८४३ मध्यें दाखवून दिलें कीं, आंसाची जाडी जेथें एकदम बदलते त्या कोपऱ्यापाशीं एक बारीक भेग जन्म घेते आणि फेऱ्यागणिक आंत सरकत जाते. १८५४ मध्यें ब्रेथवेट यानें लंडनच्या एंजिनियरांपुढें धातूंच्या या रोगावर निबंध वाचला, आणि त्याच्या मथळ्यांतच ‘फटीग’ हा शब्द घातला. भेग आणि थकवा यांची लॅटिनमधील जुनी सोयरीक दोन हजार वर्षांनीं पुन्हां जुळली. ती जुळविणाऱ्यांस तिची कल्पना होती कीं नाहीं, कोण जाणे.

अशा रीतीनें तुटलेल्या धातूचा तोंडवळा पाहण्यासारखा असतो. तुटलेल्या जागीं एकापुढें एक अशा वळणदार रेघा दिसतात. भेग किती टप्प्यांनीं पुढें सरकली याचा तो हिशेबच. एंजिनियर या रेघांना ‘बीच मार्क’ म्हणतात, आणि नांव फार समर्पक आहे. चिंचणीच्या किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीचें पाणी मागें हटतांना वाळूवर जशा रेघा सोडून जातें, तशाच या. फरक इतकाच कीं, वाळूवरच्या रेघा पुढची भरती पुसून टाकते. पोलादावरच्या पुसल्या जात नाहींत.

या रोगावर पद्धतशीर संशोधन केलें तें ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-एंजिनियरनें. १८५० ते १८७० या दोन दशकांत त्यानें आगगाडीच्या आंसांचे नमुने यंत्रावर लाखों वेळां फिरविले, वांकविले आणि मोडले. त्यांतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. एक, जो ताण एकदां दिल्यानें पोलादास कांहींच होत नाहीं, तोच लाखों वेळां दिल्यानें तें मोडतें. घातक असते ती पुनरावृत्ति. दुसरी, ताण एका ठराविक मर्यादेखालीं ठेवला तर पोलाद जवळजवळ अनंत काळ न मोडतां काम देऊं शकतें. या मर्यादेला आपण सहनमर्यादा म्हणूं. १८६४ सालीं मुंबई-सुरत लोहमार्ग सुरू झाला आणि पालघर-बोईसर त्या रस्त्यावर आलीं, तेव्हां व्होलरचे प्रयोग चालूच होते. आजही या मार्गावरून धांवणाऱ्या गाड्यांचे आंस ध्वनिलहरींनीं तपासले जातात. डोळ्यांस न दिसणारी भेग त्यांत सांपडली तर आंस बाद होतो. त्या आंसाला कंटाळा आला आहे, असें कोणी म्हणत नाहीं.

तारापूरचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. भारतांतलें पहिलें अणुवीजकेंद्र येथें २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं व्यापारी तत्त्वावर सुरू झालें. पहिल्या दोन्ही अणुभट्ट्या प्रत्येकीं २१० मेगावॉट वीज देण्यासाठीं बांधलेल्या होत्या. पुढें वाफ तयार करणाऱ्या दुय्यम यंत्रांच्या नळ्या गळूं लागल्या. तीं यंत्रें वापरांतून काढावीं लागलीं, आणि १९८० नंतरच्या दशकांत दोन्ही भट्ट्यांची नेमस्त शक्ति १६० मेगावॉटवर आणण्यांत आली. नळ्यांचा हा विकार म्हणजे शास्त्रीय अर्थानें ‘फटीग’च होता असें आमचें म्हणणें नाहीं, धातूचे रोग पुष्कळ आहेत. आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे तें त्या दोन आंकड्यांकडे. यंत्राची कुवत कमी झाली हें दिसतांच शहाण्या माणसांनीं कागदावरचा आंकडा बदलला. यंत्राची निर्भर्त्सना केली नाहीं, त्याच्या कुळाचा उद्धार केला नाहीं, त्याला सबबी सांगणारें म्हटलें नाहीं. पन्नास मेगावॉट सोडून दिले, आणि तेवढ्या सवलतीवर त्या भट्ट्या पुढें कित्येक वर्षें वीज देत राहिल्या. २०२० मध्यें त्या मोठ्या दुरुस्तीसाठीं थांबविण्यांत आल्या, तेव्हां त्यांनीं वयाचीं पन्नास वर्षें पुरीं केलीं होतीं.

माणसाचा आंकडा असा कोणी कमी केला आहे काय? केला आहे, नाहीं असें नाहीं, पण फार उशिरां आणि फार भांडून. माणसाचा थकवाही मोजतां येतो हें दाखविण्यास इटलींतले आंजेलो मोस्सो यांच्यासारखे शास्त्रज्ञ पुढें यावे लागले. बोटाला वजन बांधून तें पुन्हां पुन्हां उचलावयास लावणारें एक यंत्र त्यांनीं बनविलें, आणि १८९१ मध्यें थकव्यावर एक ग्रंथच लिहिला. त्यांचे सहकारी माज्जोरा यांनीं दिवसभर विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्यावर त्यांच्या बोटाची उचलण्याची शक्तिही घटलेली आढळली. म्हणजे डोक्याचा शीण बोटांत उतरतो, हें यंत्रानें सिद्ध केलें. शाळामास्तरांना तें आधींच ठाऊक होतें, परंतु मास्तरांच्या शब्दाला पुरावा कोण म्हणतो? पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांतल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत तर असें आढळून आलें कीं, कामाचे तास आटोक्यांत आणले असतां एकंदर माल घटत नाहीं, उलट वाढतो. त्यानंतर १९१८ मध्यें तेथें औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठीं एक मंडळच नेमण्यांत आलें.

आपल्याकडे ही गोष्ट त्याच्याही आधीं एका मराठी माणसानें, यंत्राच्या पुराव्याशिवाय, सांगितली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून मुंबईच्या गिरणीकामगारांसाठीं आठवड्यांतून एका दिवसाच्या सुट्टीचा अर्ज चालविला. ती सुट्टी १८९० च्या जून महिन्यांत गिरणीमालकांच्या संघानें मान्य केली. पुढील कायद्यांचे आंकडे पायऱ्यांसारखे उतरत गेले आहेत. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतल्या पुरुष कामगारास दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्यें ती कारखान्यांस अकरा झाली, १९३४ मध्यें बारमाही कारखान्यांस दहा, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरखात्याचे सभासद असतांना १९४६ मध्यें ती नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस झाली. १९४८ च्या कायद्यानें तीच कायम केली. एक एक तास खालीं उतरवावयास सरासरी बारा वर्षें लागलीं. आणि २०२५ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नवावरून पुन्हां बारावर नेण्यास संमति दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा तशीच ठेविली आहे, असें यावर सांगण्यांत येतें. ज्या गणितांत चार दिवसांचे बारा तास आणि सहा दिवसांचे आठ तास सारखेच, तें गणित बेरजेचें आहे. व्होलरनें शिकविलेलें गणित निराळें होतें. एकंदर ओझें किती, एवढाच प्रश्न तो आंसाला विचारीत नसे; एका फेऱ्याचा ताण सहनमर्यादेच्या वर जातो कीं खालीं राहतो, हें तो आधीं पाही.

शिवाय कारखान्याच्या फाटकांत शिरतांना व बाहेर पडतांना जे तास पडताळले जातात, त्यांतच कामगाराचा दिवस संपत नाहीं. एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढें डहाणूरोडपर्यंत लोकलगाडी धांवूं लागली, हा या भागावर मोठाच उपकार झाला. पण सकाळीं पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या गाडींत आम्ही उभे असतों, तेव्हां जाणारे आणि येणारे असे दोन प्रकारचे थकलेले चेहरे उमरोळीच्या आसपास एकमेकांसमोरून जातांना दिसतात. रात्रपाळी करून परतणारा खांबाला टेकून उभ्यानें झोपतो. कामावर निघालेला, रात्रींची झोंप पुरी झाली नाहीं म्हणून, उभ्यानेंच झोपतो. कोणता शिणलेला आणि कोणता शिणावयास निघालेला, हें डब्याच्या वजनावरून ओळखावें लागतें. जेवणाचा डबा भरलेला असेल तर तो निघालेला.

येथें वाचकांस वाटेल, कीं आम्ही माणसाला लोखंडाच्या रांगेंत बसवीत आहों. तसें नाहीं, उलट या दोघांत जो मोठा फरक आहे, तोच या शब्दाच्या प्रवासांत झांकला गेला आहे, अशी आमची तक्रार आहे. एंजिनियरांनीं लोखंडाला ‘थकलें’ म्हटलें तें माणसावरून उसनें घेऊन. उसनें घेतांना एक गोष्ट मागें राहिली. लोखंडाचा थकवा विश्रांतीनें जात नाहीं. आंस महिनाभर कोठारांत ठेवला म्हणून त्यांतली भेग सांधत नाहीं. तो पुन्हां चाकाला लावला कीं भेग जेथें थांबली होती तेथून पुढें चालूं लागते. माणूस रात्रभर झोपतो आणि सकाळीं पुष्कळ अंशीं नवा होऊन उठतो. आतां ‘फटीग’ हा शब्द कारखान्यांतून परत माणसाकडे येतो आहे, तो बरोबर लोखंडाचा अर्थ घेऊन : हा किती फेरे टिकेल, आणि मोडला तर दुसरा कोठून आणावयाचा. दुरुस्तीपेक्षां बदली स्वस्त, हा सुट्या भागांचा नियम ठेक्यावरच्या माणसांस लावतांना हा अर्थ फार सोयीचा पडतो.

आमच्या जुन्या शास्त्रांनीं या बाबतींत अधिक माणुसकी दाखविली आहे. ‘श्रम’ शब्दाचे कष्ट आणि थकवा हे दोन्ही अर्थ. त्यामुळें कष्ट मान्य करावयाचे आणि थकवा नाकारावयाचा, ही सोय त्या शब्दानें ठेविलीच नाहीं. सुश्रुतानें ‘क्लम’ म्हणून निराळा विकार सांगितला, तो कष्ट न करतां येणाऱ्या थकव्याचा. आजचे डॉक्टर ज्यासाठीं ‘फटीग’ शब्द वापरतात, त्यांतला बराचसा भाग हाच असावा. म्हणजे श्रमानें आलेला शीण आणि अकारण आलेला शीण यांत गल्लत होऊं नये, एवढी काळजी त्यानें घेतली होती. चरकानें श्रम हरण करणाऱ्या दहा द्रव्यांची यादी दिली आहे. तींत द्राक्षें, खजूर, बोरें, डाळिंब, ऊंस, जव, साठ दिवसांत पिकणारा तांदूळ अशा गोष्टी आहेत. ही यादी औषधाच्या दुकानाची कमी आणि घरच्या कोठीची अधिक वाटते. थकलेल्याला आधीं कांहीं खावयास-प्यावयास द्यावें, मग त्याची चौकशी करावी, असाच तिचा आशय आहे. कार्य पार पडल्यावर राबलेल्या मंडळींना जेवूं घालण्यास आपण अजून ‘श्रमपरिहार’ म्हणतों.

तेव्हां ‘फटीग’ या पाहुण्याला आम्ही दारांतून परत लावूं इच्छीत नाहीं. त्यानें येतांना एक मोलाची वस्तु आणली आहे; ती म्हणजे मोजण्याची संवय. आपल्या शिणण्या-भागण्यांत माया होती, पण माप नव्हतें. किती भागला, कोठवर भागूं द्यावा, कोणत्या मर्यादेखालीं ठेवला असतां तो जन्मभर धड राहील, हे प्रश्न आपण विचारले नाहींत. ते लोखंडाच्या निमित्तानें विचारले गेले. ती सहनमर्यादा माणसासाठीं तितक्याच काळजीनें ठरवावी, आणि एकदां ठरली कीं यंत्राच्या आंकड्याइतकाच तिचा मान राखावा. पण मोजून झाल्यावर त्याला जी विश्रांति द्यावयाची, ती लोखंडाच्या शास्त्रांत नाहीं. ती आपल्या ‘भागण्या’च्या पोटांत आहे.

बोईसरच्या फाटकाबाहेर संध्याकाळीं जी गर्दी लोटते, तिच्यांतल्या निम्म्या लोकांची भाषा मराठी नाहीं. कोणी बिहारचा, कोणी ओरिसाचा, कोणी उत्तर प्रदेशचा. तरी मराठी मुलखांत राबणाऱ्याची विचारपूस मराठीनेंच करावी, आणि तिच्यापाशीं त्यासाठीं एक शब्द तयारही आहे. ‘भागतें का?’ असें विचारलें म्हणजे मजुरीची चौकशी होते, ‘भागलांत का?’ असें विचारलें म्हणजे जिवाची होते. यांपैकीं एकच प्रश्न विचारून दुसरा गिळण्याची रीत आहे. दोन्ही विचारावेत, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावें.